शिवारातून : फोर व्हीलची लिव्हर कधी ओढायची?



गेल्या अंकानंतर दोन घरांतून जवळपास सारखाच प्रश्न आला. मुलगा हैदराबादला नोकरीला, शेती गावाकडे, वडील साठीच्या पुढे. बैलजोडी विकून झाली, आता मिनी ट्रॅक्टर घ्यायचा आहे. मुलगा म्हणतो फोर व्हील ड्राइव्हच घेऊ, वडील म्हणतात एवढे जास्तीचे पैसे कशाला? आणि घेतलाच, तर ती फोर व्हीलची लिव्हर नेमकी कधी ओढायची?

मी इंजिनियर नाही. बेला मंडलात पैनगंगेच्या बाजूला आमची जमीन आहे, कापूस, सोयाबीन आणि तूर एवढाच माझा अभ्यास. पण आमच्या घरी २४ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आहे आणि त्याने आम्हाला जे शिकवलं ते सांगतो. त्यात एक चूक आमची स्वतःची आहे, तीही सांगतो, कारण खरं शिक्षण त्या चुकीतच झालं.

आधी आमच्या मातीबद्दल. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या. किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. पण पैनगंगेच्या दोन्ही काठांची माती तीच राहिली. आपण तिला काळी म्हणतो, तेलुगू शेजारी नल्ल रेगडी म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात काळ्या मातीला ‘रेगूर’ असा शब्द वाचला असेल, तो याच तेलुगू शब्दावरून आला. या मातीत चिकणमातीचं प्रमाण मोठं. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी असताना दगड आणि ओली असताना साबण. कामाला योग्य असते ती या दोन्हींच्या मधल्या थोड्या दिवसांत. त्या स्थितीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, वाफसा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ट्रॅक्टर. साध्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते, पुढची चाकं नुसती वळवायला. फोर व्हीलमध्ये लिव्हर ओढली की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हे या वर्गातले ओळखीचे ट्रॅक्टर, दोन्ही २४ एचपीचे. यांचं वजन मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून मागच्या दोनच चाकांवर पकड अपुरी पडते. लहान ट्रॅक्टरला फोर व्हीलचा फायदा जास्त होतो तो यामुळेच. जमीन काळी, नाल्याकाठची किंवा उताराची असेल तर जास्तीचे पैसे वाया जात नाहीत, हे माझं पहिलं उत्तर. सगळी जमीन सपाट, मुरमाड आणि रस्त्याला लागून असेल तर वडिलांचं ऐका.

आता लिव्हर कुठे ओढायची नाही, ते आधी. डांबरी रस्त्यावर, सिमेंटच्या अंगणात, जिनिंगच्या किंवा मार्केट यार्डाच्या पक्क्या जमिनीवर फोर व्हील लावू नका. कारण समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागणार नाही. पुढची चाकं लहान, मागची मोठी. गिअर मुद्दाम असे बसवलेले असतात की फोर व्हील लावल्यावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर कापायला बघतात, शंभराला एक ते पाच इतका फरक. त्यामुळे मऊ जमिनीत पुढची चाकं ट्रॅक्टरला ओढून धरतात आणि जो फरक असतो तो मातीत घसरून निघून जातो. डांबरावर घसरायला जागाच नसते. शिवाय वळताना पुढची चाकं मोठ्या वळणाने जातात आणि मागची लहान वळणाने, तो फरक वेगळाच. मग पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडत राहतात. टायर घासतात, स्टेअरिंग जड होतं आणि सगळा ताण गिअरवर येतो.

तुमच्यापैकी कुणाकडे फोर बाय फोर थार असेल तर त्यातही कोरड्या डांबरी रस्त्यावर टू व्हीलमध्येच चालवायचं असतं, कारण तेच. काही महागड्या गाड्यांमध्ये हा फरक सांभाळायला मध्ये एक वेगळा डिफरन्शियल असतो, ट्रॅक्टरमध्ये तो नसतो.

आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं. आदिलाबादहून खत आणताना पांदणीत फोर व्हील लावलेलं होतं, परत जाताना ते काढायचं राहिलं आणि पुढच्या दोन फेऱ्या डांबरी रस्त्यावर तशाच झाल्या. घरी आल्यावर लिव्हर निघेना. पुतण्या जोर लावायला लागला. शेजारी म्हणाला, ‘‘ओढू नको, सरळ चाकं ठेव आणि हातभर रिव्हर्स घे.’’ रिव्हर्स घेतल्याबरोबर ताण सुटला आणि लिव्हर बोटाने निघाली. ही युक्ती लक्षात ठेवा. हातोडी घेऊ नका.

आता कधी ओढायची.

एक, उतारावर, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे. चढताना सगळ्यांना कळतं, उतरताना विसरतात. बहुतेक मिनी ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक दाबला तरी ती नुसती घसरत जातात. फोर व्हील लावलेलं असेल तर इंजिनाचा आवर चारही चाकांना मिळतो. म्हणून नाल्यात उतरण्याआधी वरच्या सपाट जागेवर थांबायचं, लिव्हर ओढायची, लहान गिअर टाकायचा आणि मग उतरायचं. उतरताना मध्येच क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. मागे भरलेली ट्रॉली असेल तर हा नियम दहा वेळा पाळा.

दोन, मऊ किंवा नांगरलेल्या जमिनीत जड काम असेल तेव्हा. नांगर, रोटाव्हेटर, शेणखताची ट्रॉली.

तीन, धानाची चिखलणी. तिथे चिखल करणं हेच काम आहे, तिथे वाफशाचा प्रश्न नाही.

चार, पुढे बकेट लावून माती किंवा खत उचलताना. वजन पुढे आलं की मागची चाकं हलकी पडतात.

पाच, टू व्हीलमध्ये चाक फिरायला लागलं तर. थोडं फिरणं चांगलंच, अजिबात न फिरणारं चाक म्हणजे ट्रॅक्टरला पुरेसं काम दिलेलं नाही. पण शंभरात पंधराच्या वर घसरण गेली की डिझेल मातीत चाललं समजा. ती मोजायची कशी? पुढच्या सुटीत गावी आलात की करून बघा. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. अवजार वर उचलून दहा फेरे चालवा आणि अंतर टेपने मोजा. मग अवजार जमिनीत टाकून त्याच वावरात पुन्हा दहा फेरे. आमच्या ट्रॅक्टरचं रिकामं अंतर ३० मीटर आलं आणि कामात २६. म्हणजे चार मीटर गेले, साधारण १३ टक्के. एवढं चालतं. २४ मीटर आले असते तर २० टक्के, मग लिव्हर ओढायची किंवा अवजार थोडं वर घ्यायचं.

लिव्हर ओढताना ट्रॅक्टर थांबवा, चाकं सरळ ठेवा, क्लच दाबा. चाक गरगर फिरत असताना कधीही ओढू नका. धुऱ्यावर वळताना जमीन कडक असेल तर काढा, मऊ असेल तर राहू द्या. पुढचे टायर बदलताना कंपनीने दिलेलाच साइज घ्या आणि चारही टायरमध्ये पुस्तकात लिहिलेली हवा ठेवा. नाहीतर पुढच्या-मागच्याचं ठरवलेलं गणितच बिघडतं.

आणि डिफ लॉक ही वेगळी गोष्ट आहे. एकच मागचं चाक फिरतंय आणि दुसरं उभं आहे, तेव्हा तो पायाने दाबायचा. सरळ जातानाच दाबायचा, वळायच्या आधी सोडायचा.

इथपर्यंत सगळं कोणताही चांगला मेकॅनिक सांगेल. आता आमची चूक.

मागच्या पावसाळ्यात आषाढी एकादशीला माझा पुतण्या हैदराबादहून आला. पोरगा कामाचा आहे, आयटीत असला तरी हात मातीत घालायला लाजत नाही. कापूस महिन्याचा झाला होता. ट्रॅक्टर मधून जावा म्हणून आम्ही ओळी चार फुटांवर ठेवलेल्या. चार दिवस झड लागली होती आणि तण कापसाच्या वर डोकं काढत होतं. पाचव्या दिवशी उघडलं. मजूर मिळेनात. मोबाईलवर दोन दिवसांनी पुन्हा पाऊस दिसत होता. त्याची सुटी रविवारी संपत होती.

‘‘काका, आज डवरून टाकू.’’

मी म्हटलं, ‘‘अजून ओल आहे. फसेल.’’

‘‘फोर व्हील कशासाठी घेतला मग?’’

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे मोजताना आम्ही हेच तर बोललो होतो, की ओल्यात अडायला नको. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी वावरातून मूठभर माती आणायला सांगितली. पुतण्याने वरवरची आणली. आबा म्हणाले, ‘‘वरची नको, टीचभर खालची आण.’’ ती त्यांनी तळहातांत वळली. बारीक वात झाली, तुटेना. ‘‘आज नाही,’’ एवढंच म्हणाले.

आम्ही गेलो. मी नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. तण दिसत होतं, ओल दिसत नव्हती.

आणि मजा अशी की ट्रॅक्टर फसला नाही. एकदाही नाही. फोर व्हील लावलं, लहान गिअर टाकला आणि पोराने दुपारपर्यंत अकरा ओळींमधून ट्रॅक्टर फिरवून आणला. चाकांना चिखल लागला, वेग कमी होता, पण कुठे अडला नाही. घरी आल्यावर तो खूश होता. मीही थोडा खूशच होतो. आबांना म्हणालो, ‘‘बघा, निघाला की नाही!’’

आबा म्हणाले, ‘‘ट्रॅक्टर नाही फसला बाप्पा, वावर फसलं.’’

मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. दोन दिवसांनी पाऊस आला आणि चाकोऱ्यांत पाणी साचलं. बाकीच्या वावरात पाणी मुरलं, त्या अकरा ओळींत मात्र ते आठवडाभर उभं राहिलं. पऱ्हाटीची पानं पिवळी पडली. डवऱ्याने उपटलेलं तणही ओल्या मातीत पुन्हा मूळ धरून उभं राहिलं, म्हणजे ते कामही फुकट गेलं. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाल्यावर त्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक झाल्या, कुदळ मारली तर ढेकळाला चकाकी दिसायची. दिवाळीनंतर वेचणीला आलेल्या बायांनी स्वतःहून विचारलं, ‘‘दादा, इथं काय झालं होतं?’’ झाडं कमरेलाही लागत नव्हती. बाजूची खांद्याला होती.

काय झालं होतं? ओल्या काळ्या मातीत बारीक पोकळ्या असतात. त्यांतूनच पाणी खाली जातं आणि मुळांना हवा मिळते. वाफसा असेल तर माती वजन सहन करते. ओली असताना कण एकमेकांवरून घसरतात, चाकाखाली पोकळ्या बुजतात आणि फिरणारं चाक वरून गिलावा केल्यासारखं सारवून जातं. मग पाणीही अडतं, मूळही अडतं. काळ्या मातीचा एक मोठा गुण असा की उन्हाळ्यात भेगा पडून ती स्वतःला बरीच सुधारून घेते. पण ते पुढच्या वर्षासाठी. या वर्षीचं पीक तर गेलंच.

आता मला त्या लिव्हरबद्दल जे सांगायचं आहे ते हे. साधा ट्रॅक्टर ओल्यात गेला की दुसऱ्या ओळीतच फसतो. आपण त्याला शिव्या देतो, पण तो आपल्याला सांगत असतो की बाबा, आज दिवस नाही. बैल तर त्याहून आधी सांगायचे, पाय उचलेनासे व्हायचे. फोर व्हील ते सांगत नाही. तो निमूटपणे आत जातो आणि बाहेरही येतो. म्हणजे ज्या गोष्टीने आपण थांबायचो ती गोष्ट आपण पैसे देऊन काढून टाकली. मग थांबायचं काम आता आपल्यालाच करावं लागतं. ट्रॅक्टर आत जाऊ शकतो का, हा लिव्हरचा प्रश्न. आपण जावं का, हा वाफशाचा. दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिला विचारायचाच नाही.

वाफसा बघायची रीत सोपी आहे. टीचभर खालची माती घ्या, मुठीत दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून खाली टाका. फुटून भुरभुरीत झाला तर चला. चपटा होऊन चिकटला तर घरी या. तळहातात वळून बारीक वात होत असेल तरीही घरी या. वावरात दोन-तीन ठिकाणी बघा, नाल्याकडची बाजू सगळ्यात शेवटी वाफशाला येते. तोपर्यंत तण खूपच वाढलं असेल तर कडेच्या कोरड्या ओळी आधी करा, बाकीच्यात माणसं लावा. मजुरी महाग पडते, खरं आहे. आमच्या अकरा ओळी त्याहून महाग पडल्या.

एक शेवटची गोष्ट, आणि ही जिवाची आहे. टू व्हीलमध्ये असताना चिखलात ट्रॅक्टर फसला तर फोर व्हील लावून, आल्या वाटेने मागे निघून बघा. पण फोर व्हील लावलेलंच असताना फसला, तर तो साधा फसलेला नसतो. जास्त रेस दिली की तो आणखी खाली जातो. खाली उतरा, चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचा असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा. वरच्या लिंकला किंवा ॲक्सलला कधीच लावू नका. साखळी उंचावर असेल आणि चाक रुतलेलं असेल तर ओढणाऱ्याचं तोंड वर उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. मडगार्डवर कुणाला बसवू नका, साखळीजवळ पोरं उभी करू नका. व्हिडिओ घरी आल्यावर करा.

पुतण्या त्या पावसाळ्यानंतर दोनदा येऊन गेला. त्या ओळी त्याने स्वतः वेचणीच्या वेळी पाहिल्या, काही बोलला नाही. या वर्षी पाऊस लागल्यावर त्याचा फोन आला. पूर्वी तो विचारायचा, काका, ट्रॅक्टर ठीक आहे ना? या वेळी विचारलं, ‘‘काका, वाफसा आला का?’’ मी म्हटलं, आबांना विचारून सांगतो. आबा आता डोळ्यांनी कमी बघतात, पण माती हातानेच बघायची असते.

दोन्ही घरांना माझं उत्तर असं की ट्रॅक्टर मुलाच्या पसंतीचा घ्या आणि तो वावरात कधी घालायचा ते वडिलांना ठरवू द्या. तुमच्याकडे यापेक्षा वेगळा अनुभव असेल तर जरूर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.

पुढच्या महिन्यात तुरीच्या शेंड्यांबद्दल. तोपर्यंत रामराम!